एकूण मालकी खर्च (कार्यालयीन संगणक)

एकूण मालकी खर्च ही व्यवस्थापनशास्त्रातील एक संकल्पना आहे. संगणक खरेदी केल्यापासून तो मोडीत काढेपर्यंत संस्थेला त्यावर करावा लागणारा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष खर्च तीत मोजला जातो. कार्यालयीन संगणकांच्या बाबतीत खरेदीची किंमत हा या खर्चाचा केवळ एक भाग असतो. देखभाल, परवाने, तांत्रिक साहाय्य आणि कर्मचाऱ्यांचा वाया जाणारा वेळ यांवर होणारा खर्च बहुधा त्याहून अधिक असतो.

इतिहास

१९८०च्या दशकात कार्यालयांमध्ये वैयक्तिक संगणकांचा प्रसार झाला. त्यापूर्वी एकाच मध्यवर्ती संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेली असत, त्यामुळे देखभाल एका ठिकाणी होत असे. प्रत्येक मेजावर स्वतंत्र संगणक आल्यावर हे काम विखुरले. गार्टनर या अमेरिकी सल्लागार कंपनीने १९८७ मध्ये संगणकांसाठी एकूण मालकी खर्चाची पद्धत मांडली व पुढे ती रूढ झाली.

१९९६च्या सुमारास ओरॅकल, सन मायक्रोसिस्टिम्स आदी कंपन्यांनी हार्ड डिस्क नसलेल्या, स्वस्त 'नेटवर्क कॉम्प्युटर'चा पुरस्कार केला. मात्र साध्या संगणकांच्या किमती घसरल्याने तो फारसा टिकला नाही. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये बाजारात आणलेल्या विंडोज २००० प्रणालीत ॲक्टिव्ह डिरेक्टरी व ग्रुप पॉलिसी या सुविधा होत्या. त्यांच्या साहाय्याने एका ठिकाणाहून अनेक संगणकांवर समान नियम लागू करता येऊ लागले.

खर्चाचे घटक

प्रत्यक्ष खर्चात यंत्रसामग्री, सॉफ्टवेअर परवाने, वार्षिक देखभाल करार, तंत्रज्ञांचे वेतन, वीज व प्रशिक्षण यांचा समावेश होतो. हे आकडे हिशेबाच्या वह्यांमध्ये दिसतात.

अप्रत्यक्ष खर्च मात्र कोणत्याही देयकात दिसत नाही. संगणक बंद पडल्याने थांबलेले काम, विसरलेला पासवर्ड बदलून मिळण्याची प्रतीक्षा, सहकाऱ्याची अडचण सोडवण्यात गेलेला वेळ ही त्याची उदाहरणे होत. उदाहरणार्थ, २०० संगणक असलेल्या कार्यालयात प्रत्येक कर्मचाऱ्याची रोज १० मिनिटे वाया गेली, तर दररोज सुमारे ३३ तास, म्हणजे चार कर्मचाऱ्यांच्या पूर्ण दिवसाइतके काम, बुडते.

खर्च कमी करण्याचे मार्ग

* प्रमाणीकरण: मोजकीच प्रारूपे व एकसमान सॉफ्टवेअर वापरल्यास सुटे भाग, प्रशिक्षण व दुरुस्ती सोपी होते. एका संगणकावर सापडलेला उपाय सर्वत्र लागू पडतो.
* दूरस्थ व्यवस्थापन: नेटवर्कवरून प्रणाली बसवणे, अद्ययावत करणे व दोष दूर करणे शक्य असल्याने तंत्रज्ञाला प्रत्येक मेजापर्यंत जावे लागत नाही.
* मर्यादित अधिकार: वापरकर्त्याला प्रशासकीय अधिकार न दिल्यास अनावश्यक सॉफ्टवेअर व विषाणूंमुळे उद्भवणारी दुरुस्ती कमी होते.
* थिन क्लायंट: मुख्य प्रक्रिया सर्व्हरवर होते व मेजावर केवळ साधे यंत्र असते. सर्व्हर वा नेटवर्क बंद पडल्यास मात्र सर्वांचेच काम थांबते.
* नियोजित बदल: उत्पादकाचे साहाय्य संपण्यापूर्वीच बदलाची तरतूद केली जाते. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज १०चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.
* मुक्त सॉफ्टवेअर: परवाना शुल्क वाचते, परंतु स्थलांतर व प्रशिक्षणाचा खर्च करावा लागतो. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, मुख्यालय पुणे) लिनक्सवर आधारित 'बॉस' ही प्रणाली विकसित केली आहे.

म्युनिकचे उदाहरण

जर्मनीतील म्युनिक शहराच्या परिषदेने २००३ मध्ये महापालिकेचे सुमारे १४,००० संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी वापरात असलेल्या विंडोज एनटी ४ प्रणालीचे साहाय्य संपत आले होते. 'लिमक्स' नावाच्या या प्रकल्पात कार्यालयीन पत्रांचे नमुने व अर्ज नव्याने तयार करावे लागले. त्यासाठी 'वोलमक्स' हे स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहिले गेले. स्थलांतर २०१३ मध्ये पूर्ण झाले. त्यातून १ कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे शहर प्रशासनाने सांगितले, तर मायक्रोसॉफ्टसाठी तयार झालेल्या एका अभ्यासाने हा दावा अमान्य केला. पुढे २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. बाहेरील संस्थांच्या दस्तऐवजांशी सुसंगती आणि विभागांमध्ये विखुरलेली संगणक व्यवस्था हे त्या वेळच्या चर्चेतील मुद्दे होते. परवान्याची किंमत आणि व्यवस्थापनाचा खर्च या दोन वेगळ्या बाबी असल्याचे या उदाहरणातून दिसते.

मर्यादा

अप्रत्यक्ष खर्चाचे मोजमाप अंदाजावर अवलंबून असते. वाचलेली प्रत्येक मिनिट उत्पादक कामात वापरली जाईलच असे नाही. गृहीतके बदलल्यास निष्कर्षही बदलतो. त्यामुळे विक्रेत्यांनी सादर केलेल्या तुलनांमध्ये कोणते घटक धरले व कोणते वगळले, हे पाहणे आवश्यक ठरते. तसेच केवळ खर्चकपातीसाठी तंत्रज्ञांची संख्या घटवल्यास प्रत्यक्ष खर्च कमी झाल्यासारखा दिसतो, परंतु दुरुस्तीची प्रतीक्षा लांबून तो भार इतर कर्मचाऱ्यांच्या वेळेवर पडतो.

हे सुद्धा पहा

* थिन क्लायंट
* मुक्त सॉफ्टवेअर
* लिनक्स