गव्हावांचून भाकरी, जेवण आणि पिझ्झा

गव्हाची पोळी खाऊन मूल आजारी पडतें, असें कोणीं सांगितलें असतें तर दहा वर्षांपूर्वीं आम्हीही हंसलों असतों. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. धान्याशीं आमचा संबंध पीकपाहणीच्या रकान्यापुरता. परंतु गेलीं तीन वर्षें हा विषय आमच्याच स्वयंपाकघरांत ठाण मांडून बसला आहे, म्हणून अनुभवानें कळलेलें सभासद बंधुभगिनींच्या कानांवर घालावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचा नातू तेव्हां सात वर्षांचा होता. अंगानें वाढेना, पोट फुगलेलें, हातपाय काडीसारखे, वरचेवर जुलाब, रक्त कमी. जंतांचीं औषधें झालीं, दृष्ट काढून झाली. शेवटीं रक्ताची तपासणी झाली आणि दुर्बिणीनें लहान आंतड्याचा कण काढून पाहिल्यावर सीलियॅक नांवाचा विकार ठरला. या विकारास औषध असें नाहीं. गहूं, जव आणि राय हीं तीन धान्यें जन्मभर वर्ज्य करणें, हाच उपचार.

या धान्यांत ग्लूटेन नांवाचें चिवट द्रव्य असतें. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं चोळीत राहिल्यास पांढरें सत्त्व वाहून जातें आणि हातांत रबरासारखा लगदा उरतो; तेंच ग्लूटेन. पोळी लाटतांना फाटत नाहीं व पाव फुगतो, तो याच्याच बळावर. या विकाराच्या माणसाचें शरीर मात्र त्यास शत्रु समजतें, आणि त्या झुंजींत आंतड्याच्या आंतील मखमलीसारखी लव झडून जाते. मग खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. विलेम कारेल डिके या डच बालवैद्यास गव्हाचा संशय आधींपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत अन्नाचें दुर्भिक्ष पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां या विकाराचीं मुलें उपासमारींतही सुधारलीं, व पाव परत आल्यावर पुन्हा बिघडलीं. त्यावरून त्याचा संशय दृढ झाला व १९५० सालीं त्यानें आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

येथें एक सूचना आग्रहानें करावीशी वाटते. संशय आला म्हणून तपासणीपूर्वींच गहूं बंद करूं नये. तसें केल्यास रक्तांतील खूण पुसट होते आणि निदान चुकतें. तसेंच हा विकार रक्ताच्या नात्यांत उतरतो. एकास निघाला तर आईबाप व भावंडें यांचीही तपासणी करून घ्यावी.

आतां आपल्याकडील सुदैव पाहा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, मका, राजगिरा आणि झाडून साऱ्या डाळी यांत हें द्रव्य मुळींच नाहीं. युरोपांतील गृहिणीस जें पीठ मुद्दाम शोधून आणावें लागतें, तें आपल्या कणगींत पिढ्यान्‌पिढ्या आहे. किंवा होतें, असें म्हणावें. गांवनमुना बारा लिहितां लिहितां ज्वारीच्या जागीं ऊंस व सोयाबीन कसें येत गेलें, तें आम्हीं आपल्याच हातानें नोंदविलें आहे. घरींही तोच प्रकार: पाहुणा आला कीं पोळी, आणि भाकरी आपली घरच्या माणसांना. आमच्याच घरांत ज्वारीचा डबा मागें जाऊन कणकेचा डबा पुढें आला होता.

कित्येक जण सांगतात कीं, खपली गहूं पचावयास हलका, तो चालेल. तो चालत नाहीं. खपली झाली तरी ती गव्हाचीच जात. तींत ग्लूटेन आहेच.

परंतु खरा धोका उघड्या पोळींत नसून झांकलेल्या चिमटींत आहे, हें आम्ही ठेंच लागून शिकलों. पोळी बंद करून सहा महिने झाले तरी मुलाच्या रक्तांतील खूण उतरेना. सूनबाईंनीं एक एक डबा काढून तपासला. तेव्हां दिसलें कीं, बाजारच्या बांधानी हिंगांत मैदा मिसळलेला; म्हणजे रोजच्या आमटींत आम्हीच गहूं घालीत होतों! मेतकुटांत मूठभर गहूं भाजून घातलेले, थालीपिठाच्या भाजणींतही तेंच. मऊ भात आणि मेतकूट हें आजाऱ्याचें पथ्य म्हणून आजी मोठ्या मायेनें भरवीत होती. तिला हें कळलें त्या दिवशीं ती जेवली नाहीं. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, सातूच्या पिठांत बहुधा गहूं, शेवया व रवा तर उघडच. बाटलींतील सोया सॉस गव्हावर आंबविलेला असतो. हिंग आतां तांदळाच्या पिठांतील मिळतो, पण डबीवरील मजकूर वाचून घ्यावा. मेतकूट व भाजणी गहूं वगळून घरीं करावी; चवींत काडीचा फरक पडत नाहीं.

दुसरें ठिकाण गिरणी. ज्या अन्नाच्या किलोंत ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नाहीं, त्यासच कायद्यानें ग्लूटेनविरहित म्हणतां येतें. गव्हाच्या पिठाचा सुमारें दहावा भाग ग्लूटेन धरला तर किलोभर ज्वारींत गव्हाचें पीठ एक पंचमांश ग्रॅमच चालेल. आणि गव्हामागून दळलेल्या ज्वारींत तें ओंजळभर उतरतें. आपल्या बायका गिरणीवर ‘कशावर टाकतां?’ म्हणून विचारतात, उपासाचें दळण निराळें काढतात. तीच शिस्त येथें शतपट कडक पाळावयाची. पाट्यांच्या फटींतील पीठ झाडून निघत नाहीं, म्हणून आम्हीं घरघंटी घेतली व तींत गव्हाचा दाणा पडूं दिलेला नाहीं. खर्च झाला खरा. परंतु चारसहा घरांनीं मिळून गव्हावांचून एक चक्की ठेवली तर कोणासच जड जाणार नाहीं.

हें सर्व झाल्यावरही एक दुःख उरलें. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसास पिझ्झा आणला होता. आमचा नातू डब्यांतील भाकरी घेऊन कोपऱ्यांत बसला, व घरीं येऊन म्हणाला, ‘आजोबा, मला वेगळें जेवायला नको.’ त्या रात्रीं ठरलें कीं, घरांत दोन स्वयंपाक करावयाचे नाहींत. जें त्याच्या ताटांत तेंच सर्वांच्या. आणि पिझ्झाही घरींच करावयाचा.

पहिला प्रयत्न फसला. पीठ वाळूसारखें विखुरलें, कारण चिवटपणा देणारें द्रव्यच नव्हतें. मग लक्षांत आलें कीं, भाकरीची युक्ति आपणांस ठाऊकच आहे: विरी गेलेल्या पिठास आपण कढत पाणी घालतों, त्यानें पिठांतील सत्त्व शिजून चिकटतें. त्या जोडीस इसबगोलाचा भुसा घेतला; तो पाणी शोषून बुळबुळीत होतो आणि ग्लूटेनचें काम बऱ्याच अंशीं करतो.

प्रमाण असें: ज्वारीचें ताजें पीठ १५० ग्रॅम, तांदळाचें १०० ग्रॅम, इसबगोल १२ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, मीठ व एक चमचा तेल. पाणी सुमारें अडीचशें मिलिलिटर. त्यांतील शंभर कढत करून ज्वारीच्या पिठावर ओतावें व झांकून निवूं द्यावें. उरलेल्या कोमट पाण्यांत चमचाभर साखर व चमचाभर यीस्ट घालून फेस आला कीं सर्व एकत्र मळावें. गोळा कणकेपेक्षां सैल व चिकट लागतो; भिऊन वरून पीठ घालूं नये, त्यानेंच तळ दगडासारखा होतो. पाऊण तास झांकून ठेवावा. नंतर तेल लावलेल्या केळीच्या पानावर ओल्या हातानें थापावा, लाटूं नये. बिडाच्या तव्यावर मंद आंचेवर झांकून खालची बाजू भाजावी, उलटावा, आणि मग भाजलेल्या बाजूवर टोमॅटो, लसूण व तिखट यांची घट्ट आटविलेली चटणी पसरावी. चटणी पातळ राहिल्यास तळ गिळगिळीत होतो. वर कांदा, ढोबळी मिरची व किसलेलें चीज घालून चीज वितळेपर्यंत झांकण ठेवावें. एवढ्या पिठाचे मध्यम आकाराचे दोन होतात. इटलींतील पिझ्झ्याप्रमाणें तो ताणला जाणार नाहीं, खुसखुशीत होईल. आम्हांस तोच अधिक आवडला, पण आमचें मत नातवाच्या पक्षपातानें दूषित आहे.

घाईच्या दिवशीं तेंही नको. सोलापूरकडील कडक भाकरी तळासारखी घ्यावी, वर चटणी व चीज घालून तव्यावर पांच मिनिटें ठेवावी. मात्र ती गव्हाच्या हातांची व परातीची नसावी. बाकीचें जेवण अवघड नाहीं. सकाळीं घावन किंवा आंबोळी, शाळेच्या डब्यांत बेसनाची पोळी अथवा घरच्या भाजणीचें थालीपीठ, रात्रीं भाकरी, पिठलें व भात, सणास उकडीचे मोदक. पुरणपोळीची उणीव होळीस भासते. सूनबाई तांदळाच्या उकडींत पुरण भरून थापून पाहतात, ती पोळी अजून दोनदां फाटते.

या वर्षीं वाढदिवस आमच्या अंगणांत झाला. आठ मुलें होतीं, तवे दोन, आणि सर्वांस एकच पिझ्झा. शेवटचा तुकडा कोणाचा यावरून भांडण झालें, तेव्हां आजीनें आणखी पीठ भिजविलें.