बंद पडलेले डिझेल इंजिन पुन्हा चालू करताना

विहिरीवरचे एकसिलिंडर डिझेल इंजिन कित्येक वर्षे बंद राहिले की पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. अशा वेळी लगेच हँडल मारू नये. आधी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवावे.

चेंबरमधले जुने ऑईल काढून टाकावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. टाकी धुऊन ताजे डिझेल भरावे, फिल्टर बदलावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. नळीत हवा अडकली तर फवारा उडत नाही. म्हणून फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

थंड करणाऱ्या पाण्याची सोय करून, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवावे. नोझलचा चर्र-चर्र आवाज आला आणि वेग पुरेसा झाला की लिव्हर सोडावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसला तर हात वाचतो.