काठ राखू, पाणमांजर राखू

आमच्या बचत गटांची भाजी वाशीच्या एपीएमसी मार्केटला जाते. भाव चढला की वाफे थेट पाण्याच्या कडेपर्यंत सरकतात. नेमकं तिथंच पाणमांजराचं घर असतं.

सिंधुदुर्गात तिलारी नदीत, गोव्यात चोडण बेटाच्या तिवरांत ते आजही आहे. पण जगभरात त्याची संख्या घटते आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार गुन्हा आहे. मासे हे त्याचं मुख्य खाणं. पिलं काठच्या बिळात, मुळांच्या कपारीत वाढतात. झाडी तुटली की काठ ढासळतो, बीळही जातं.

अभ्यासक विष्ठा, पायठसे सापडलेल्या जागा नकाशावर मांडतात. तिथलं पाणी, झाडी, वस्तीपासूनचं अंतर संगणकात भरतात. मग तसा काठ आणखी कुठं असेल, याचा अंदाज संगणक देतो. तिथं आज झाडी उरली आहे का, हे मात्र काठावर राहणाऱ्या आपल्यालाच ठाऊक.

म्हणून बैठकीत एवढं ठरवूया. वाफा आणि पाणी यांच्यामध्ये झाडीची पट्टी सोडायची. करंज, उंबर तोडायचे नाहीत. फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही. माशांसाठी पाण्यात विष टाकू द्यायचं नाही. काठ टिकला तर पावसाळ्यात आपली मातीही टिकेल.