पायलटची मुलाखत : इंग्रजीची धास्ती नको, लॉगबुक पक्कं हवं

वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी २०२१ मध्ये ज्या विमानतळांची निवड झाली, त्यांत बेळगावचा सांबरा, जळगाव आणि कलबुर्गीही होते. सीमाभागातल्या मुलामुलींना आता पायलट होणं पूर्वीइतकं दूरचं वाटत नाही. पण किमान २०० तासांचं उड्डाण करून कमर्शियल पायलट लायसन्स मिळालं, म्हणजे नोकरी पक्की झाली असं नसतं. घरच्यांनी कर्ज काढून लाखो रुपये घातलेले असतात आणि गाडी अडते ती विमान कंपनीच्या निवडीत.

कंपनीनुसार टप्पे बदलतात. साधारणपणे लेखी परीक्षा, मानसिक क्षमता चाचणी, सिम्युलेटर आणि मुलाखत असा क्रम असतो.

मुलाखतीत पहिला हात जातो तो लॉगबुकवर. कोणत्या विमानावर किती तास, रात्रीचं उड्डाण किती, पहिलं सोलो कुठं, हे तोंडपाठ हवं. बेरजेत तफावत निघाली तर पुढच्या उत्तरांवरचा विश्वासही डळमळतो.

तांत्रिक प्रश्नांत नुसती व्याख्या पुरत नाही. उदाहरणार्थ, एप्रिलच्या भर दुपारी सांबऱ्याहून उड्डाण करताना समुद्रालगतच्या दाबोळीपेक्षा लांब धाव का लागते? बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. उंची आणि उष्णता यांमुळे हवा विरळ होते. इंजिनाची ताकद घटते आणि पुरेशी लिफ्ट मिळण्यासाठी जमिनीवरचा वेग जास्त लागतो. असं कारणासकट सांगता आलं पाहिजे.

खरी कसोटी असते निर्णयाची. समजा, विमान उतरण्याच्या बेतात आहे, वेग जास्त आहे आणि ज्येष्ठ कॅप्टन तरीही उतरण्यावर ठाम आहेत. अशा वेळी को-पायलटनं काय करायचं? ‘साहेब म्हणतील तसं’ हे उत्तर इथं चालत नाही. आधी वेग जास्त असल्याचं स्पष्ट सांगायचं, दुरुस्ती झाली नाही तर ‘गो-अराउंड’ म्हणायचं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला सांगायचं. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे घरातलं वळण कॉकपिटमध्ये जीवावर बेतू शकतं. आदर राखून ठामपणे बोलण्याचा सराव मित्रांसमोर मोठ्यानं करावा.

मराठी माध्यमातल्या अनेकांना इंग्रजीचं दडपण असतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पायलटला इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. त्यात मातृभाषेचा हेल चालतो. समोरच्याला नेमकं कळलं पाहिजे, एवढीच अट. रोज अर्धा तास इंग्रजीत बोलावं, पाठ केलेली भाषणं मात्र टाळावीत. एखादी गोष्ट येत नसेल तर तसं सरळ सांगावं. ठोकून दिलेलं उत्तर जास्त महागात पडतं.

आणि जाण्याआधी लायसन्स व क्लास वन मेडिकलची मुदत तपासायला विसरू नये.