टोगोची बाजरी, आमचा तवा

गेल्या वर्षीच्या भोगीची गोष्ट. तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होते. माझी तेरा वर्षांची लेक ताटाकडे बघून म्हणाली, "आई, आज पोळी नाहीच का गं?" सासूबाई शेजारी वांगी चिरत होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "बहात्तर साली असतीस ना, मग कळलं असतं!"

१९७२ च्या दुष्काळात सासूबाई आठवीत होत्या. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशात अडके. "पण तिनंच जगवलं हो," हेही त्या सांगतात. परदेशची मदत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच येते: बोट, पोती आणि रांग. मीही शाळेत भूगोल शिकवताना एवढेच सांगत असे. मदतीची दुसरीही एक तऱ्हा आहे, आणि ती आपल्या पिठाच्या डब्यापर्यंत आली आहे, हे मला फार उशिरा कळले.

त्याला निमित्त झाले लेकीचे रक्त. सारखी दमते म्हणून तपासले, तर हिमोग्लोबिन नऊ! डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सहज विचारले, "घरात भाकरी होते का?" मी गप्पच झाले. सासूबाईंपुरती एखादी थापायची, बाकी सगळ्यांना पोळ्या. (पाहुण्यांना भाकरी वाढायची तर आपल्याला अजून संकोच वाटतो, खरे ना मैत्रिणींनो?) आणि ही गोष्ट आमच्या एका घरची नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचे रक्त कमी आढळले.

मग मी बाजरीची माहिती गोळा करायला लागले. बाजरी मूळची आफ्रिकेतली! सहाराच्या दक्षिण कडेला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिची शेती सुरू झाली, आणि तिथून ती आपल्याकडे आली. नायजर, मालीकडच्या बायका आजही उखळात मुसळाने बाजरी कांडतात. जिथे भाताचे नाव काढू नये, तिथे ती तीन-चारशे मिलिमीटर पावसावर येते.

आपल्याकडे दुष्काळ होता त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. भारत सरकारशी करार करून ती इथे वसली; पैसा अनेक देशांचा, शास्त्रज्ञ जगभरचे. काम काय, तर कोरडवाहू भागातली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग सुधारायचा. देशोदेशींच्या बियाण्यांचे लाखावर नमुने तिथे थंड खोल्यांत जपून ठेवले आहेत.

पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तरेकडची बाजरी टपोऱ्या दाण्याची आणि लवकर हाती येणारी. तिच्यातून निवडून निवडून इक्रिसॅटने एक वाण तयार केला आणि १९८८ साली तो महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना मिळाला. त्या काळात संकरित बाजरीवर गोसावी रोग पडे आणि कणसात दाण्यांऐवजी पानेच फुटत. नवा वाण त्या रोगापुढे टिकला. पाऊस लवकर गेला तरी अडीच-पावणेतीन महिन्यांत पीक घरात येई. शिवाय तो संकरित नसल्याने घरचे बी पेरता येते. त्याच्यातूनच पुढे इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जास्त लोहाची 'धनशक्ती' निवडली. ती २०१२ साली आली. तिच्या किलोभर दाण्यांत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते.

महाराष्ट्रातल्याच ग्रामीण भागात वसतिगृहातल्या अडीचशेच्या आसपास मुलामुलींना सहा महिने भाकऱ्या दिल्या, काहींना जास्त लोहाच्या बाजरीच्या, काहींना साध्या. ज्यांच्यात लोह कमी होते, त्यांची कमतरता जास्त लोहाच्या भाकरीने अधिक प्रमाणात भरून निघाली. भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून केलेले हे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली तर बाजरीच्या नव्या वाणांत किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह हवेच, असा दंडक आपल्याकडे घातला गेला. २०२३ चे भरडधान्य वर्ष आले नि गेले, बिस्किटांच्या जाहिराती तेवढ्या लक्षात राहिल्या; हा दंडक मला त्याहून मोलाचा वाटतो.

एक मात्र खटकते. टोगोतल्या ज्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ते बी राखले, त्यांचे नाव कुठल्याच पिशवीवर नसते. परतफेड थोडीफार झाली म्हणायची, कारण त्याच वाणाच्या कुळातली बाजरी १९९० च्या सुमारास इथून नामिबियाच्या कोरड्या रानात गेली.

आमच्या वाण्याला "धनशक्ती आहे का?" विचारले, तर म्हणतो, "ताई, बाजरी म्हणजे बाजरी!" दाण्यावरून ओळखायची तरी कशी? शेवटी शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांकडून, ते हाच वाण पेरतात म्हणून, दहा किलो आणली. दळण थोडे थोडे दळावे. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ आठवड्यात कडू होते. भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्यावी आणि लगेच चहा पिऊ नये, नाहीतर अंगी लागायचे लोह वाया जाते. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालूच ठेवायच्या.

लेकीचे हिमोग्लोबिन आता अकराच्या वर गेले आहे. गोळ्यांनी की भाकरीने, यावर सासूबाई आणि आमचे 'हे' यांच्यात रोज वाद! लेकीने मात्र नकाशात टोगो शोधून त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून ठेवला आहे. आणि त्या दहा किलोतली पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली, तेव्हा सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "ही काही मिलो नव्हे हो!"