खडकी ते छत्रपती संभाजीनगर

इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या नावात रोमनांची छावणी दडली आहे. 'कॅस्टर' म्हणजे मूळचे लॅटिन 'कास्त्रा', आणि पुढचा 'लँक' तिथल्या लून नदीचा. छत्रपती संभाजीनगरचे मूळ याहून साधे: खडकाळ जमिनीवरचे गाव, म्हणून खडकी. खडकेश्वर हे नाव आजही त्या खडकीची आठवण देते.

1610 च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथे राजधानी वसवली. 1612 मधला त्याचा भडकल दरवाजा अजून उभा आहे. 1626 मध्ये त्याच्या जागी मुलगा फतेहखान आला आणि गावाचे फतेहनगर झाले. पुढे दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबामुळे औरंगाबाद. 'औरंग' म्हणजे सिंहासन, असे फारसी कोश सांगतात. शहराला मात्र ते माणसावरूनच मिळाले.

1988 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत 'संभाजीनगर' म्हटले, तेव्हापासून दोन्ही नावे चालू राहिली. कुणी कोणते उच्चारतो यावरून त्याचे राजकारण ओळखायची सवयच लागली! 'छत्रपती संभाजीनगर' या नावाला केंद्राची मंजुरी आली 24 फेब्रुवारी 2023 ला.

'नामांतर' या शब्दाला मात्र इथे आणखी एक, जास्त वेदनेचा अर्थ आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 1978 चा. अंमल झाला 14 जानेवारी 1994 रोजी, तोही नामविस्तार म्हणून. मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली.

वस्त्यांची नावे या सगळ्यातून सुटली. मोगल फौजेतले बिकानेरचे राजे करणसिंह आणि त्यांचा मुलगा पदमसिंह कर्णपुरा, पदमपुऱ्यात टिकून आहेत. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला अख्खे शहर लोटते.