रात्रीचे रान कसे बघतात



जुलै महिन्यात शनिवार-रविवार मी आंबोलीला मावशीकडे राहिलो. बाबांनी टेंपोतून सोडले. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, पावसाळ्यात पाहुण्यांना रात्री रान दाखवायला नेतात. त्या रात्री पुण्याचे पाच पाहुणे होते. मी हट्ट केला म्हणून मलाही नेले. पण काका म्हणाले, "बोललस तर परत धाडतलंय."

आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. समुद्राकडून येणारे ढग डोंगराला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. वर्षाला ७०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे सात मीटर! आपली शाळा कौलांसकट बुडेल. अंजनी, जांभूळ, पिसा ही तिथली झाडे बारा महिने हिरवी असतात, म्हणून त्याला सदाहरित जंगल म्हणतात.

रात्रीच का जायचे? तर बेडकाला अंग ओले ठेवावे लागते. तो कातडीतूनही श्वास घेतो. दिवसा तो लपतो आणि रात्री बाहेर येतो.

जळवांसाठी सगळ्यांनी गमबूट घातले. मला मावसभावाचे दिले, ते दोन बोटे मोठे होते. तरी तीन जळवा आत शिरल्याच. जळू चावते ते कळत नाही. ती सुटली तरी रक्त वाहत राहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. एक पाहुणे किंचाळले. मी नाही.

काका आधी विजेरी लावत नाहीत. उभे राहतात नि ऐकतात. ओरडतो तो नर बेडूक. तो गळ्याची पिशवी फुग्यासारखी फुगवतो. प्रत्येक जातीचा आवाज निराळा, त्यावरून काका झाड ओळखतात आणि मग उजेड टाकतात, तोही थोडाच वेळ.

एका डबक्यावरच्या फांदीला साबणासारखा फेस होता. मला वाटले कुणी कपडे धुतले. पण ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे! फेसात अंडी असतात. पिल्ले बाहेर आली की टपटप खाली पाण्यात पडतात, म्हणून घरटे बरोबर पाण्याच्या वर. बेडूक शेजारीच बसला होता. पोपटासारखा हिरवा, आणि बोटांमधले पडदे लाल-केशरी. उडी मारताना तो पडदे पसरतो आणि तरंगत नऊ-दहा मीटर जातो. पंख नसतात बरं का.

मग काका एकदम म्हणाले, "गप रवा." माझ्या खांद्याएवढ्या फांदीवर चापडा होता. हा विषारी साप. त्याच्या डोळा नि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असतो, त्याला त्यातून ऊब कळते, म्हणून काळोखातही उंदीर सापडतो. माझे पाय कापत होते. आमच्याकडे साप दिसला की काठी. मी हळूच विचारले, मारायचा? काका म्हणाले, "तो आपल्या घरात इलो, काय आपण तेच्या घरात इलंव?" चापडा जराही हलला नाही.

आंबोलीच्या सड्यावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला भेक आहे. त्याला शास्त्रज्ञांनी २००९ साली नाव दिले. हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा एक छोटा मासा तर २०२० साली नवा म्हणून ओळखला, आणि २०२१ साली ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा मी अंगणवाडीत होतो.

परत येताना डांबरी रस्ता लागला. पाऊस पडला की बेडूक डबक्यांकडे निघतात आणि मधे रस्ता येतो. चिरडलेले अकरा मोजले, मग मोजायचे सोडले. एक उडता होता. मला रडू आले, कारण माझे बाबा बेळगावहून भाजीचा टेंपो रात्री याच रस्त्याने आणतात.

घरी आल्यावर बाबांना सांगितले. ते म्हणाले, भाजी पाचला बाजारात पोचली नाही तर भाव मिळत नाही. मग थोडा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "ते नेमके खुंय निघतत?" मी वहीत रस्ता काढून डबक्यांच्या जागी फुल्या मारून दिल्या. तो कागद आता टेंपोत काचेपाशी आहे. पाऊस असला की तिथे हळू जातो, असे बाबा म्हणतात. ते आज बघायला येणार आहेत.

शेजारचे चित्र मीच काढले आहे. लाल खडू संपला, म्हणून बेडकाचा एक पाय पांढरा राहिला.

इयत्ता ४ थी